नळाला बांधलेली हिरवी वायर

गल्लीत त्याला सगळे वायसर म्हणत. चाळीस वर्षं नळदुरुस्तीचं काम केलं, आणि जगातल्या निम्म्या बिघाडांचं कारण त्याच्या मते एकच होतं. नळ गळतोय, वायसर गेला. शेजारच्या मास्तरांची पाठ धरली, वायसर गेला. कुणाचं लग्न मोडलं तरी हा पाना पुसत म्हणणार, "वेळेवर वायसर बदलला नाही, दुसरं काय." मग गेल्या वर्षी त्याचेच दोन्ही गुडघे कुरकुरायला लागले, डॉक्टरांनी उकिडवं बसायला बंदी केली, आणि गल्लीनं तोच विनोद त्याच्या दारात आणून ठेवला. उकिडवं बसता येत नाही तो प्लंबर कसला? हत्यारांची पिशवी खिळ्याला टांगली ती टांगलेलीच राहिली.

घर दोन खोल्यांचं. बायको पडदे शिवायची. पडदा म्हणजे काही रुमाल नव्हे, दहा-दहा फूट कापड. ते स्वयंपाकघरातून निघायचं, पलंगावरून जायचं आणि दारापाशी संपायचं. चहात दोरा निघाला तरी कुणाला नवल वाटत नसे. त्यात तिनं मोटारीवर चालणारं शिलाईचं मोठं मशीन घेतलं आणि ते ठेवायला घरात जागाच उरली नाही. ते आठ दिवस दारातच उभं होतं, आडवं होऊन आत-बाहेर करावं लागे.

तिचा धाकटा भाऊ वायरमन होता. बाजाराच्या रस्त्याला त्याचं विजेच्या सामानाचं दुकान, पुढची अर्धी बाजू रिकामी. तो म्हणाला, "ताई, मशीन माझ्याकडं आण. बस तिथं ऐसपैस."

"सकाळी दहाला जाईन, सहाला येईन," बायको म्हणाली.

वायसरनं मनात हिशेब केला. दहा ते सहा. म्हणजे तो, दोन खोल्या आणि भिंतीवरचं घड्याळ. पण हे बोलून दाखवायचं म्हणजे जीभच कापून द्यायची. तो म्हणाला, "घरची शेड रिकामी पडलीय मागं. दुसऱ्याच्या दारात कशाला बसायचं?"

"शेडमध्ये वीज कुठाय?"

"आणतो."

"कोण? भावाला सांगू?"

"त्याला?" वायसरनं असं बघितलं, जणू कुणी भांड्यात थुंकलं. "नळाला चिकटपट्टी लावणारा माणूस तो!"

ते खरं होतं. बारा वर्षांपूर्वी मेव्हण्यानं स्वतःच्या घरातला गळका नळ काळ्या चिकटपट्टीनं गुंडाळला होता, आणि वायसरनं ते पाहिलं होतं. तेव्हापासून कारागीर म्हणून मेव्हणा त्याच्या मनातून उतरला तो उतरलाच. मेव्हण्याचंही तोंड गप्प बसणारं नव्हतं. वायसर स्वतः वीज ओढणार हे कानावर गेलं, तेव्हा त्यानं निरोप धाडला : दाजींना सांगा, विजेला वायसर नसतो.

बायकोनं दोघांचं ऐकून घेतलं आणि आपला निकाल दिला. "महिनाअखेरीपर्यंत शेडमध्ये दिवा लागला, तर मी इथं. नाही लागला, तर भावाकडं. मला पडदे द्यायचेत लोकांना, तुमचं भांडण नाही."

घराच्या मागच्या भिंतीपासून शेडपर्यंत चाळीस फूट अंतर. वायसरनं गुडघ्यांना पट्टे बांधले आणि कुदळ घेतली. उकिडवं बसायचं नव्हतं, म्हणून तो चरात पाय सोडून काठावर बसायचा आणि बसल्या-बसल्या पुढचा हातभर खणायचा, मग ढुंगण सरकवून पुढं. शेजारचे मास्तर रोज कुंपणावरून बघत.

"कुठवर आलं हो?"

"तुमच्या पाठीच्या कण्यापर्यंत."

विजेचं त्याला भय नव्हतं. त्याच्या हिशेबी ती पाण्याचीच धाकटी बहीण होती. आणि यात तो अगदीच चुकत होता असंही नाही. मेव्हण्याचं सोडून तो दुसऱ्या दुकानात गेला; तिथल्या दुकानदारानं बारीक केबल काढली तेव्हा त्यानं ती परत सारली. "चाळीस फुटांची लाइन आहे. लांबच्या लाइनला पाइप एक नंबर मोठा घालावा, नाही तर शेवटच्या नळाला धार राहत नाही." दुकानदारानं जाड केबल काढून दिली, कारण माणूस प्लंबरसारखं बोलून बरोबर तेच मागत होता. केबलसाठी त्यानं प्लास्टिकचा पाइप टाकला, खाली वाळू, वर विटा, आणि पाइपाला बोटभर उतार दिला. चुकून पाणी शिरलंच तर ते घराकडं न जाता बाहेर निघून जावं. घरातल्या बोर्डावर शेडसाठी वेगळा खटका बसवला. तारा जोडताना मेन बंद करून बोर्डाला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. आळस म्हणून कुठं केला नाही.

राहिली हिरवी वायर. यंत्राच्या लोखंडी अंगात वीज उतरलीच तर ती माणसातून न जाता जमिनीत जावी, म्हणून ही हिरवी वायर असते, एवढं त्याला ठाऊक होतं. घरातली हिरवी वायर कुठं जाते तेही ठाऊक होतं. घर बांधणाऱ्यानं ती न्हाणीतल्या पाण्याच्या लोखंडी पाइपाला बांधली होती. तेव्हा सगळीकडं तसंच बांधत. पाइप जमिनीखालून फर्लांगभर गेलेला, त्याहून पक्की जमीन कुठली? आणि शेडच्या दाराशीच त्याच लाइनवरचा नळ होता, कमरेएवढ्या लोखंडी पाइपावर उभा. मग चाळीस फूट हिरवी वायर घरापर्यंत उलटी न्यायची कशाला? त्यानं नळाखाली पाइप कानशीनं घासून चकचकीत केला, वायर गुंडाळली, पट्टी आवळली, पान्यानं अर्धा आटा जास्तच दिला. सगळ्या कामात त्याला सर्वांत जास्त समाधान या एका जोडाचं वाटलं. इतर ठिकाणी तो पाहुणा होता; हा पाइप त्याचा होता.

महिना संपायला चार दिवस असताना, भर दुपारी शेडमध्ये दिवा लागला. उन्हात तो दिसतही नव्हता नीट. वायसर दारात उभा राहून त्याच्याकडं बघत राहिला. बायकोनं मशीन आत नेलं, लांब टेबल मांडलं, इस्त्री जोडली. तिनं शब्द पाळला.

पुढचे दिवस वायसरचे मजेत गेले. दिवसातून तीनदा तो शेडमध्ये डोकवायचा. "पंखा बरा चाललाय ना?" "चाललाय." "इस्त्री तापते ना लवकर?" "तापते हो. तुम्ही बाजूला व्हा, कापडावर बूट पडतोय तुमचा." परसात तो कायम गुडघ्याएवढे रबरी बूट घालून वावरायचा, कामाची जुनी सवय. बायकोही हल्ली शेडमध्ये रबरी चपला घालून बसते आणि पायाखाली जाड पायपुसणं घेते हे त्याला दिसत होतं. त्याला वाटलं, फरशी गार लागत असेल. दाराशी नळ असून ती बादली स्वयंपाकघरातून भरून आणते, हेही दिसत होतं. बायकांच्या काही सवयींना अर्थ नसतो, असं मनाशी ठरवून तो मोकळा झाला.

दहाव्या दिवशी त्यानं बूट धुतले आणि उन्हात उलटे ठेवले. आत मशीन चालू होतं, इस्त्री तापत होती. हाताला चिखल लागला म्हणून अनवाणीच ओल्या मातीत उभं राहून त्यानं शेडच्या दारातला नळ धरला.

नळानं त्याला मारलं.

हात कोपरापर्यंत बधिर झाला. तो दोन पावलं मागं कोलमडला आणि बादलीवर आदळला. चाळीस वर्षांत हजारो नळ धरले, गंजलेले, तुटलेले, गू-घाणीत बुडालेले. एकानंही कधी हात उगारला नव्हता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

बायको धावत बाहेर आली. त्याच्याकडं बघितलं, नळाकडं बघितलं, आणि काय झालं असं काही विचारलं नाही. ते न विचारणं त्याच्या ध्यानात आलं.

"तुला ठाऊक होतं?"

"थोडं झिणझिणायचं," ती म्हणाली. "इस्त्रीला हात लागला की. नळाला जरा जास्त."

"किती दिवस?"

"तिसऱ्या दिवसापासून."

"आणि मूग गिळून बसलीस? मेली असतीस!"

"तुम्ही दिवसातून तीनदा येऊन दिव्याकडं बघत होता," ती म्हणाली. "काय सांगू?"

तो घरात गेला, शेडचा खटका पाडला, टेस्टर घेऊन परत आला. नळ थंड. बायकोला खटका वर करायला सांगितलं. टेस्टरचा दिवा नळावर लालभडक पेटला. पुन्हा बंद करायला लावून तो बादली पालथी घालून नळासमोर बसला. वीज इस्त्रीतून उतरतेय, कबूल. जुनी इस्त्री आहे. हिरव्या वायरनं नळात येतेय, तेही कबूल. मग नळातून जमिनीत का जात नाही?

डोळे मिटून तो जमिनीखालची लाइन चालू लागला, जशी माणसं पाठ असलेली गल्ली चालतात. इथं एल्बोचं वळण, मग सरळ आठ फूट, मग टीचा फाटा, तिथून डावीकडं न्हाणीकडं. सगळे जोड त्याच्याच हातचे. पाच वर्षांपूर्वी जुना लोखंडी पाइप गंजून चाळणी झाला होता, तो उपसून सगळी लाइन त्यानंच...

त्यानं डोळे उघडले.

सगळी लाइन त्यानंच प्लास्टिकची केली होती. वर उभा दिसणारा तेवढाच लोखंडी, मुळाशी सिमेंटच्या ठोकळ्यात. त्याच्या डोक्यात ती एकच अखंड लाइन होती, कारण पाण्याला सगळं सारखंच. लोखंड असो की प्लास्टिक, पाणी अडत नाही. वीज कमरेएवढ्या नळातच कोंडून बसली होती.

त्यानं बूट घातले आणि मेव्हण्याच्या दुकानाची वाट धरली. वीस मिनिटांचा रस्ता त्याला गुडघ्यांमुळं पाऊण तास लागला. मेव्हण्यानं त्याला दारात बघितलं आणि त्याचा चेहरा फुलला. "या दाजी! सापडला का विजेचा वायसर?"

वायसरनं सगळं सांगितलं. काही झाकलं नाही, स्वतःची बाजूही मांडली नाही. मेव्हण्याचं हसू अर्ध्यातच विरलं.

"ताई कुठाय आत्ता?"

"घरी. खटका पाडून आलोय."

"न्हाणीतला पाइप?"

"तोही त्याच लाइनवर."

मेव्हणा स्टुलावर बसला. "म्हणजे पाच वर्षं तुमच्या अख्ख्या घराला अर्थिंग नाही, दाजी."

हे वायसरच्या डोक्यात आलं नव्हतं. शेडपुरताच विचार करत तो इथवर आला होता. तो बोटांवर काही मोजायला लागला. मग म्हणाला, "घरं किती असतील माहितीय का?"

"कसली घरं?"

"मी लोखंड काढून प्लास्टिक घातलं ती."

मेव्हण्यानं विचारलं, "किती?"

"आपल्या गल्लीतच अकरा. पलीकडं धरून तीसेक."

गिऱ्हाईक येऊन बल्ब घेऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी मेव्हणा आला. त्यानं नवी इस्त्री आणली, घराच्या मागं सळई ठोकून वेगळं अर्थिंग केलं, आणि शेडची हिरवी वायर केबलच्याच पाइपातून घराच्या बोर्डापर्यंत ओढून त्याला जोडली. पाइप मोठा होता म्हणून ती सरसर गेली. पुन्हा खणावं लागलं नाही. "खड्डा एक नंबर," तो म्हणाला. "माझी पोरं असा खणत नाहीत." बहिणीला मात्र त्यानं फैलावर घेतलं. तिनं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "झालं? आता चहा पी."

चहा पिताना वायसर म्हणाला, "उद्यापासून मास्तरांपासून सुरू करू. मी सांगतो कुठला पाइप कुठं फुटतो, तू टेस्टर लाव."

"दुकान कोण बघणार माझं?"

दोघंही बायकोकडं बघायला लागले.

"बघू नका माझ्याकडं असे," ती म्हणाली. मग कप खाली ठेवला. "मशीन उचलून कोण देणार?"

मास्तरांनी पहिल्यांदा दार उघडलं ते हसत. "काय वायसर, आमच्या घराचा पण वायसर गेला का?"

"नाही मास्तर," वायसर म्हणाला. "माझ्या हातून चूक झालीय. आत येऊ का?"

सगळीकडं इतकं सोपं गेलं नाही. एकानं दारातूनच शिव्या घातल्या. एक बाई म्हणाली, दिवे लागतात, पंखे फिरतात, तुम्हाला काय त्रास आहे? तिच्याकडं तो तीनदा गेला. तिसऱ्यांदा मेव्हण्यानं नळाला नाही, तिच्या कपडे धुण्याच्या यंत्राला टेस्टर लावून दाखवला, आणि मग तिनं वाट सोडली. कुठल्या घरात काय पाइप घातला हे वायसरला तोंडपाठ होतं. माणसांची नावं विसरायचा, पण एल्बो नाही.

अडतीस घरं निघाली. सगळं व्हायला अडीच महिने लागले. रोज दहाला दोघं बाहेर पडत, आणि दहालाच बायको दुकान उघडून पुढच्या अर्ध्या भागात मशीन सुरू करी. बल्ब विकता विकता पडद्याची मापं घ्यायची. दुपारी तिघं तिथंच जेवत, काउंटरवर वर्तमानपत्र अंथरून.

"एक सांगू?" एकदा जेवताना ती म्हणाली. "मी दहा ते सहा इथं बसू नये म्हणूनच तुम्ही तो चर खणला ना?"

वायसरनं घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावला. "शेड कोरडी राहते," तो म्हणाला. "कापडाचे तागे ठेवायला बरी."

घरं संपली तरी ती दुकानातून परत आली नाही. गिऱ्हाईक लागलं होतं. मेव्हण्यालाही आता खड्डे खणून घ्यायला दाजीच हवे होते. काठावर बसून का होईना. सकाळी दोघांत शेवटी घराबाहेर पडायचा तो वायसर. कुलूप लावण्याआधी तो बोर्डाजवळ जायचा आणि शेडचा खटका खाली करायचा. आत कुणी नसताना वीज कशाला चालू ठेवायची.