फ्रिजकाकांचे चार अंश

फ्रिजकाकांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक ढाल आहे. पाहुण्याला पाणी मिळायच्या आधी ती ढाल दिसते, कारण त्याला बसायला दिलेली खुर्ची बरोबर तिच्यासमोर असते. 'उत्कृष्ट शीतसाखळी' असं तिच्यावर कोरलंय. पाहुण्याने "ही कशाबद्दल?" असं विचारलं तर उत्तमच, नाही विचारलं तरी काका सांगतातच. आरोग्य केंद्रातला लशींचा फ्रिज त्यांनी एकतीस वर्षं सांभाळला. लस दोन ते आठ अंशांत ठेवायची असते. दिवसातून दोनदा तापमान बघायचं आणि रजिस्टरात लिहायचं, हे त्यांचं काम. एकतीस वर्षांत रजिस्टरातला आकडा आठाच्या वर गेला तो फक्त एकदा. बाकी सगळीकडे चार.

आता गंमत अशी, की त्या केंद्रातली वीज रोज जायची. कधी दोन तास, कधी सहा तास, आणि वादळात खांब पडला तेव्हा सलग तीन दिवस. डॉक्टर घामाने निथळत रोगी तपासायचे, नर्सबाई पुठ्ठ्याने वारा घ्यायच्या, पण रजिस्टरला या कशाचा पत्ताच नसायचा. तिथे सदा चार अंश.

काका काही वाईट माणूस नव्हते. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एकदा इमानेइतबारे 'अकरा' लिहिलं होतं. तर खुलासा मागणारी तीन पत्रं आली आणि मोठ्या साहेबांनी समोर उभं करून विचारलं, "अकरा लिहायची गरज काय होती?" फ्रिज का बंद पडला, आतल्या लशींचं काय झालं, हे विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही. त्या दिवसापासून काकांचा हात शहाणा झाला. पुढे पुढे तर ते सकाळच्या चहाबरोबर संध्याकाळचाही आकडा लिहून मोकळे व्हायचे. तपासणीला येणारे साहेब रजिस्टर चाळायचे, अक्षराचं कौतुक करायचे आणि चहा पिऊन जायचे. फ्रिजचं झाकण उघडून बघणारा साहेब काही आला नाही. कागदी घोडे असे छान उधळत होते आणि त्यातल्याच एकाच्या पाठीवर बसून ती ढाल घरी आली.

फ्रिजमधल्या बर्फाच्या पिशव्यांनी बहुतेक वेळा लशी तारून नेल्या असतील. असतीलही. पण खात्रीने सांगणार कोण? सांगायचं काम नोंदीचं, आणि नोंदीत चार.

घरात यातलं कोणालाच ठाऊक नव्हतं. लेक तर बापाच्या शब्दावर डोळे मिटून चालणारी. ती शाळेत विज्ञान शिकवते. प्रयोगाच्या पहिल्याच तासाला मुलांना सांगते, "जेवढं मोजलं तेवढंच लिहायचं. हे मी पुस्तकातून नाही, माझ्या बाबांकडून शिकले." घरी हा किस्सा निघाला की काकांना नेमका ठसका लागतो. जगाने त्यांना काहीही म्हटलं असतं तरी ते त्यांनी झटकून टाकलं असतं. लेकीच्या नजरेतून उतरणं मात्र त्यांना सोसलं नसतं, आणि ही भीती ते ढालीइतक्याच काळजीने पुसून-पुसून जपत आले होते.

निवृत्त झाल्यावर कोणी बाग करतं, कोणी गाणं शिकतं. काकांनी फ्रिज घेतला. बॅगेसारखा उचलून नेता येणारा, बॅटरीवर चालणारा, खास सहलीसाठीचा. सोबत विटेपेक्षा जड बॅटरी आणि उन्हात पसरायची घडीची सौर पाटी. दुकानदार म्हणाला, "काका, एकदा चार्ज केलीत की तीन दिवस बघायला नको!" बघायला नको, हे शब्द काकांना फारच आवडले. आयुष्यभर त्यांनी दुसरं काय केलं होतं!

फ्रिज आला म्हटल्यावर तंबू ठोकायला कुठेतरी जाणं आलंच. तळ्याकाठची जागा ठरली, दोन रात्रींसाठी. काकू म्हणाल्या, "त्यापेक्षा डब्यात बर्फ घालून नेऊ, एवढा पसारा कशाला?" काकांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू त्यांनी भर सभेत शिवी दिली. गाडीत फ्रिज, बॅटरी, पाटी आणि वायरींची भेंडोळी चढल्यावर जावईबापूंना जागा उरली ती चटईच्या गुंडाळीवर. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच. आणि हो, एक नवं कोरं रजिस्टरही होतं, पट्टीने रकाने आखलेलं.

मुक्कामावर पोचल्यावर काकांनी फ्रिज झाडाच्या सावलीत ठेवला आणि बॅटरी गाडीपाशी. मधे लांबलचक, बारीक वायर सोडली. फ्रिजच्या मागे बॅटरी जपण्यासाठी एक बटण होतं, त्याच्या तीन पायऱ्या. काकांनी सगळ्यात वरची निवडली. जपायचंच तर पुरतं जपावं, असं त्यांचं म्हणणं. हिरवा दिवा लागला आणि त्यांनी सगळ्यांना बोलावून तो दाखवला.

लेकीचं लक्ष दिव्याकडे नव्हतं. तिचं बाळ सात महिन्यांचं. बाळ झाल्यापासून ती नवऱ्याबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही मोकळेपणाने गेली नव्हती. समोरचा डोंगर चढून उतरायला सहा-सात तास लागतात असं कळलं, तेव्हा तिचे डोळे लकाकले. दूध काढून ठेवलं तर आजीआजोबा बाळाला सांभाळतील, असं ठरलं. रात्री तिने तीन बाटल्या भरून फ्रिजमध्ये ठेवल्या, तरी तिचा पाय निघेना.

"बाबा, दूध नीट राहील ना?"

"अगं, हजारो पोरांच्या लशी सांभाळल्या मी. तीन बाटल्यांचं काय घेऊन बसलीस!"

"तुम्ही आहात म्हणून जातेय हं. दुसऱ्या कोणाच्या भरवशावर गेले नसते."

हे ऐकून काकांची छाती इतकी फुगली की रात्री तंबूत काकूंना अंग चोरून झोपावं लागलं.

सकाळी दोघं डोंगराकडे निघाले. काकांनी तंबूपाशी खुर्ची मांडली, चहा घेतला आणि रजिस्टर उघडलं. फ्रिज वीस पावलांवर होता. एकतीस वर्षं त्यांनी टेबलापासून फ्रिजपर्यंतचं अंतर क्वचितच तोडलं होतं, आजच काय घाई? त्यांनी सकाळच्या रकान्यात सुरेख 'चार' काढला. पेन हातात होतंच, म्हणून संध्याकाळच्या रकान्यातही काढला. मग रजिस्टर मिटून ते तळ्याकडे बघत बसले. जित्याची खोड ती.

बारा वाजता बाळ उठलं ते भोकाड पसरूनच.

"अहो, बाटली काढा. किती अंश आहे आत?" काकूंनी गरम पाण्याचं भांडं ठेवत विचारलं.

"चार," काका खुर्चीतूनच म्हणाले.

काकू स्वतःच जाऊन बाटली घेऊन आल्या. "चार म्हणजे नक्की किती हो? ही तर कोमट लागतेय हाताला."

"बाहेरच्या हवेने तसं वाटतं."

"आणि दिवा विझलाय तो?"

आता मात्र काका उठले. वीस पावलं चालून गेले, झाकण उघडलं आणि थर्मामीटर आत ठेवून वाट बघत उभे राहिले. पारा एकोणिसावर येऊन थांबला. फ्रिज रात्रीच कधीतरी गपगार झाला होता. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. तरी इतक्या वर्षांची सवय अशी, की तोंडातून निघालं ते हेच:

"पण नोंद चारची आहे."

"मग नोंदच पाजा तिला," काकू म्हणाल्या.

बाळ लालबुंद होऊन रडत होतं. काकांनी बूच काढून वास घेतला. आंबूस होता की नाही? थोडा होता. की भासच? केंद्रात असते तर त्यांनी एवढ्यावर मानही वळवली नसती. तिथली बाळं रांगेत यायची, दंडावर सुई घ्यायची, रडत निघून जायची, आणि काकांना फक्त त्यांची पाठ दिसायची. हे बाळ त्यांच्या खांद्यावर होतं आणि त्यांच्या सदऱ्याला तोंड घासत दूध शोधत होतं. त्यांना बाळासाठी भीती वाटली, आणि एकतीस वर्षांत ती पहिल्यांदाच वाटली याचीही लाज वाटली.

"नको देऊस," ते म्हणाले. "ओतून टाक सगळं."

काकूंनी केळं कुस्करलं, पाणी उकळून निववलं. बाळाने केळं खाल्लं, थोडं काकूंच्या पदराला पुसलं आणि हुंदके देत झोपलं. तिन्ही बाटल्या धुऊन उन्हात पालथ्या घातल्या गेल्या.

"लेकीला काय सांगणार?" काकूंनी विचारलं.

"प्यायली म्हणू." काका बाटल्यांकडे बघत होते. "बाटल्या रिकाम्याच आहेत."

काकू काही बोलल्या नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात काकांना त्यांच्या बोलण्याची कधी धास्ती वाटली नव्हती; गप्प बसण्याची वाटायची.

साडेतीनला दोघं परतले. उन्हाने रापलेले, धुळीने माखलेले. लेक तर लग्नाआधी हसायची तशी हसत होती. आल्या आल्या तिने झोपलेल्या बाळाला हुंगलं. "दूध प्यायली ना?"

"बाबांना विचार," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात जावईबापू थंड पाण्यासाठी फ्रिजकडे गेले होते. तिथूनच ओरडले, "बाबा, हा बंद आहे!" मग ते बॅटरीपाशी जाऊन बघून आले. "बॅटरी तर जवळजवळ भरलेली आहे. वायर लांब आणि बारीक, त्यातून फ्रिजपर्यंत वीज पोचते तीच दमलेली. त्यात तुम्ही बटण सगळ्यात वर ठेवलंय. बॅटरी संपत आली असं समजून फ्रिजने स्वतःलाच बंद करून घेतलं. बॅटरी जपली गेली, आतलं सामान नाही." एवढं बोलल्यावर त्यांना सासऱ्यांचा चेहरा दिसला आणि ते उगाच वायर गुंडाळायला लागले.

लेकीने रजिस्टर उचललं. ती आजची ओळ वाचत होती, तेव्हा काकांना कुठेतरी निघून जावंसं वाटलं, पण तळ्याकाठी जाणार कुठे!

"सकाळी चार," ती हळू म्हणाली. "संध्याकाळी चार. बाबा, संध्याकाळ व्हायचीय अजून."

काकांची नजर उन्हातल्या पालथ्या बाटल्यांकडे गेली.

"दूध प्यायली ती?"

"नाही. ओतून टाकलं सगळं. एकोणीस होतं आत."

"मग हे चार?"

"खोटं आहे."

तिने रजिस्टर मिटलं नाही. बोट त्या ओळीवर तसंच ठेवून तिने वर पाहिलं. तिला राग आला असता तर काकांना बरं वाटलं असतं. पण ती चक्क त्यांना मदत करत होती. हातभर अंतरावर दोर धरून उभी होती, त्यांनी फक्त पकडायचा होता.

"आजचंच ना, बाबा? आजचंच खोटं आहे ना?"

'हो' म्हटलं की संपलं. झाकण उघडून बघायला इथे कोणी साहेब येणार नव्हता. ढाल भिंतीवर राहिली असती, शाळेतला तो पहिला तास तसाच चालू राहिला असता. काकांच्या जिभेवर तो शब्द आलाही होता, सवयीने, सुरेख अक्षरात. तंबूत बाळ कुशीवर वळलं आणि झोपेतच ओठ चुटचुट हलवायला लागलं. काकांनी तिकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"आजचंसुद्धा," ते म्हणाले.