डब्यावरचं गोणपाट

वसंतकाकांनी मला ओळखपाळख नसताना कामाला ठेवलं, हे आधी लिहितो. मी सातवीतून शाळा सोडलेला, पुढं लिहिण्याच्या भरात काकांचं तेच राहून जायला नको. महिन्यापूर्वी काका नाशिकला वारले. त्यांच्या मुलाचा फोन आला, तर मला खरंच वाटेना. हल्ली कोणीही कोणाच्याही नावानं फोन करतं. म्हणून मी उलट काकांच्याच नंबरवर लावला... तोही मुलानंच उचलला.

चोपड्याहून मी राज्याच्या हद्दीपलीकडं नरोलीला पॅकिंगच्या कामाला आलो होतो. ते सुटलं तेव्हा, मसाटच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या काकांनी मला खेरडीतल्या त्यांच्या बटाट्याच्या शेतावर खोली दिली. परका माणूस एवढं चांगलं वागतो, म्हणजे यात काहीतरी असणार, असं मला वाटायचं. त्यात त्यांनी शेतात खांबावर एक पांढरा डबा बसवला. हवेतली ओल आणि त्याच्या पट्टीवर दव किती वेळ टिकतं ते तो मोजायचा, आणि पानं काळी पाडणारा करपा रोग यायच्या आधी काकांच्या मोबाइलवर फवारणीचा निरोप यायचा. मी म्हटलं, कसली फवारणी, हा माझ्यावरच नजर ठेवतोय. किती वेळ बसलो, किती बिड्या ओढल्या... काका नाशिकला गेले की मी त्याच्यावर गोणपाट टाकायचो, ते यायच्या आत काढायचो.

एका थंडीत सलग चार दिवस धुकं पडलं. गोणपाटाखाली पट्टी कोरडीच, निरोप आलाच नाही. काका आले तोवर पानांच्या कडा काळ्या पडल्या होत्या, खालून पांढरी बुरशी. अर्धं शेत गेलं. शेजारचे रमणभाई बांधावरून हसले, "सेठ, तुमारा डब्बा सो गया था क्या?"

काका डब्यापाशी गेले. पट्टीला चिकटलेले तागाचे धागे त्यांनी नखानं एकेक काढले आणि खिशात टाकले. मी मनात म्हटलं, आता बिऱ्हाड उचलायचं. पण ते बांधाकडं वळून म्हणाले, "हां रमणभाई, मशीन है, बिगड गया." मग मला हळूच, "बाळा, याला डोळे नाहीत रे. फक्त ओल कळते."

त्या दिवसापासून काकांनी निरोप माझ्याही मोबाइलवर यायची सोय केली. ही कसली शिक्षा? उद्या चुकलं तर माझ्या माथी मारायला? दोन हंगाम मी धास्तावूनच पानं उलटी करून बघत होतो. करपा पुन्हा पसरला नाही, आणि काकांनी गोणपाटाचं नाव काढलं नाही.

रमणभाईंचा डब्यावरचा भरवसा मात्र उडाला तो उडालाच. गेल्या हिवाळ्यात काका स्वतः सांगायला गेले, "आज फवारा." ते म्हणाले, "जाने दो सेठ, तुमारा डब्बा!" त्यांचं शेत आठवड्यात काळं पडलं. काका बराच वेळ बांधावर उभे होते...

आता शेत मुलगा बघतो. खरं कळल्यावर तो मला ठेवेल की नाही, याची धाकधूक आहे. रमणभाई मराठी वाचत नाहीत, म्हणजे इथं लिहून माझी सुटका नाही. काका, यंदा लागवडीआधी बांध ओलांडून मी त्यांच्या दारात जाईन आणि सांगेन, डबा बिघडला नव्हता. तुमचं एवढं तरी मी फेडणारच.