होडी सुटली की भात

आज भोईवाड्यात आमच्या गच्चीवर डांबर लावत होते. तो वास आला आणि बाबांचे हात आठवले.

बाबा रे रोडच्या बंदरात होडी चालवायचे. बुडणाऱ्यांना वाचवायला जाणारी मोठी लाँच खोल पाण्यात बोयाला, म्हणजे नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधलेली असे. खलाशांना काठावरून तिच्यापर्यंत पोचवायचं आणि लाँच परतेपर्यंत बोयापाशी थांबायचं, एवढंच त्यांचं काम. डांबर फासलेली ती होडी बोयापासून काठाकडे निघालेली आमच्या खिडकीतून दिसायची. आई म्हणायची, "होडी सुटली का बघ. सुटली की तांदूळ वैर."

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत एकदा हरताळ होता. लालबागला राहणारा एक खलाशी पोचू शकला नाही, आणि बाहेर वाऱ्यात एक मचवा उलटला होता. माणूस कमी म्हणून बाबा होडी रिकामीच बोयाला बांधून लाँचवर चढले. आम्हाला घरी हे कुठलं ठाऊक.

दिवेलागणीला होडी सुटली. मी तांदूळ वैरले, बाबांसाठी मूठभर जास्तच. थोड्या वेळानं लाँचवरच्या खलाशांचा म्होरक्या, तांडेल, दारात आला, चिंब भिजलेला. "वैनी, जरा खाली चला," एवढंच म्हणाला. आई होती तशीच गेली.

मी भाताजवळ बसून राहिले. होडी बाबांशिवाय दुसरं कुणी वल्हवत आणेल, हे दहाव्या वर्षी सुचलंच नाही. त्यांना वर यायला उशीर होतोय असं वाटून मी त्यांचं पान वाढलं आणि भात गार होऊ नये म्हणून त्यावर ताट झाकलं.