गोविंदाभाऊंची चिल्लरतुला

हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीची बस गोविंदा रामटेके यांनी उभा जन्म चालवली. पहाटे वाडीतून निघायचं, अमरावती रोडवरच्या ट्रकांमधून वाट काढत कामगार गोळा करायचे, पहिल्या पाळीवाल्यांना गेटवर सोडायचं आणि रात्रपाळी करून पेंगुळलेल्यांना घरी आणायचं. माणूस अंगानं असा भरलेला, की स्टिअरिंग आणि पोट यांच्या मधे वर्तमानपत्राची घडीसुद्धा सरकली नसती. वरून तिखट लाल रस्सा ओतलेल्या तर्री-पोह्यांवर जीव. स्वतःच्या वजनाविषयी मात्र ते चकार शब्द काढत नसत. शेवटचं वजन केलं होतं ते रेल्वे स्टेशनवरच्या चमचमत्या यंत्रावर, रुपयाचं नाणं टाकून. यंत्रातून तिकीट पडलं, त्याच्या एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. भविष्य त्यांनी बायकोला, प्रेमिलाबाईंना, मोठ्यानं वाचून दाखवलं आणि तिकीट घाईघाईनं खिशात घातलं.

निवृत्ती जवळ आली तसे गोविंदाभाऊ गप्प गप्प राहू लागले. बसमध्ये कोणी थट्टा केली तरी नुसते आरशातून बघायचे. कंपनीतर्फे शाल, भिंतीवरचं घड्याळ आणि समोसे मिळणार हे ठरलेलंच होतं. त्यापुढे काय, हा विचार ते कोणाला सांगत नव्हते.

एक दिवस ते रजेवर होते, बस दुसराच ड्रायव्हर चालवत होता. त्या दिवशी पॅकिंग सेक्शनमधली रोशनी सीटवर मागे वळून बसली. ही बाई नोकरीला लागल्यापासून ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसायची आणि त्या सीटवरून सगळ्या बसचा कारभार चालवायची. तिनं रस्त्यावरच्या एका फलकाकडे बोट केलं. कोणा नेत्याची नाण्यांनी तुला झाल्याचा फोटो होता.

"त्यानं कोणाले कुठं नेऊन सोडलं गा?" रोशनी म्हणाली. "आपल्या भाऊनं आपल्याले रोज नेलं अन् रोज आणलं. मंग त्यायची तुला काहून नाही करायची?"

सगळ्यांना कल्पना एकदम पसंत पडली. चिल्लरनंच करायची, हेही ठरलं. मग मागच्या सीटवरून कोणीतरी हळूच विचारलं, की पण भाऊंकडे एकदा नीट बघितलं आहे का तुम्ही? त्यावर बस जी हसत सुटली ती गेट येईपर्यंत थांबली नाही.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. चिल्लर मागायला गेलं की कळतं, ती घराघरात किती नोकऱ्या करत असते. एकीच्या घरी पडदे वाऱ्यानं उडू नयेत म्हणून सासूनं खालच्या शिवणीत नाणी शिवून टाकली होती. सुनेनं सासू झोपल्यावर कात्री चालवली. एकाच्या जेवणाच्या टेबलाचा चौथा पाय कित्येक वर्षं दोनच्या नाण्यावर उभा होता. त्यानं ते काढून आणलं आणि तेव्हापासून त्याच्या घरी वरण पानात सांडू लागलं. मोटरसायकलच्या डिक्कीतून निघालेलं एक नाणं स्क्रू पिळून पिळून कडेला झिजलेलं. कॅरममधली हरवलेली सोंगटी म्हणून खेळणारं नाणं मुलांनी सहजासहजी सोडलं नाही, त्यांना बदली बटण द्यावं लागलं. लग्नातल्या आहेराच्या पाकिटांवर चिकटवलेला वरचा रुपया तर प्रत्येक कपाटात होताच. पाकिटातल्या नोटा कधीच्या खर्च झालेल्या, रुपया मात्र जागच्या जागी. एका बाईनं सांगितलं की त्यांच्या घराच्या पायात वडिलांनी चांदीचा रुपया पुरला आहे, पण तो काढायला घर पाडावं लागेल. रोशनीनं तो माफ केला.

सगळ्यात जास्त निघाले ते दहाचे सिक्के. दुकानदाराच्या हातावर दहाचा सिक्का ठेवला की तो असा दचकतो, की वाटावं आपण पाल ठेवली. चालत नाही, एवढंच म्हणतो. का चालत नाही हे त्यालाही ठाऊक नसतं. त्यामुळे ते सिक्के बिचारे डब्यांच्या तळाशी पडून होते, आणि तुलेची बातमी कळताच लोकांनी ते मुठीमुठीनं आणून दिले. एक जण मात्र पिशवीभर चॉकलेटं घेऊन आला. त्याचं म्हणणं, किराणा दुकानात सुटे मागितले की हेच हातावर टेकवतात, तेव्हा ही पण चिल्लरच. रोशनीनं बराच विचार करून ती पिशवी बाजूला ठेवली.

इकडे प्रेमिलाबाईंना विश्वासात घेतलं होतं. त्यांना आनंद झाला आणि लगेच धास्तीही वाटली. लोकांनी इतकं जमवायचं आणि नवऱ्याच्या पोटापुढे ते कमी पडायचं, हे काही त्यांना बरं दिसेना. त्यांनी घरातला भात बंद केला, ज्वारीची भाकर आणि पातळ भाजी सुरू केली. गोविंदाभाऊंनी कारण विचारलं तर डॉक्टरांचं नाव पुढे केलं. नवरा मुकाट्यानं भाकर खायचा आणि ड्यूटीला जाता जाता वाडी नाक्यावर यमुताईच्या ठेल्यावर दोन प्लेट तर्री-पोहे रिचवायचा. असं काही दिवस चाललं. भाऊंचं वजन घटण्याऐवजी वाढतच गेलं असावं.

शेवटी यमुताईलाच राहवलं नाही. तिसरी प्लेट मागितल्यावर ती म्हणाली, "भाऊ, जरा दमानं घ्या. रविवारी तोलून राहिले ना तुम्हाले."

गोविंदाभाऊंचा चमचा हातातच राहिला. घरी आले ते तरातरा. आपल्याला काय सिमेंटचं पोतं समजले का, सगळ्या वाडीसमोर तराजूत बसवणार, आपण येणार नाही, असं बरंच बोलले. प्रेमिलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अजी, लोकायनं पडद्यातले सिक्के उसवून आणले. तुमी नाही म्हटलं तर ते पडदे कोण शिवून देईन?"

भाऊ पलंगावर बसले आणि खऱ्या भीतीवर आले. "अन् नाही पुरलं तं?"

"म्हणून तं भाकर चारून राहिली ना तुम्हाले," प्रेमिलाबाई म्हणाल्या. मग त्यांना नवऱ्याच्या शर्टावरचा तर्रीचा लाल डाग दिसला आणि पुढची संध्याकाळ त्या डागावर गेली.

शनिवारी भाऊंची शेवटची ड्यूटी झाली, शाल आणि घड्याळ मिळालं. रविवारी सकाळी ताराचंदच्या गोदामात सगळे जमले. ताराचंदचा ट्रान्सपोर्टचा धंदा. त्याच्याकडे आता बटणाचा काटा असला, तरी माळ्यावर जुना लोखंडी तराजू पडून होता. पूर्वी त्यावर गुळाच्या भेल्या तोलायचे. साखळ्यांना तेल देऊन तो तुळईला टांगला. गोविंदाभाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, सगळ्यांना जय भीम केला आणि नवरदेवासारखी मान खाली घालून पारड्यात मांडी घालून बसले. पारडं धप्पकन जमिनीला टेकलं. दुसरं वर, लोकांच्या छातीपर्यंत गेलं.

चिल्लर ओतायला सुरुवात झाली. काय तो आवाज. डबे, पिशव्या, मोजे, पावडरचे रिकामे डबे, एकानं तर हेल्मेट भरून आणलेलं. प्रत्येक जण येऊन ओतायचा आणि जाताना भाऊंच्या गुडघ्याला हात लावून पुढे सरकायचा. पारडं भरत आलं, पण भाऊ काही जमीन सोडेनात. ताराचंदनं बूट काढायला लावले. मग पट्टा, किल्ल्या, मोबाइल, चष्मा. चष्मा काढल्यावर भाऊंना समोरचं अंधुक दिसू लागलं आणि ते विचारू लागले, की हाललं का, हाललं का. नव्हतं हाललं. कोणी म्हणालं, भाऊ, श्वास सोडा. त्यांनी मोठा उसासा सोडला, त्याचाही उपयोग झाला नाही. डबे रिकामे झाले. प्रेमिलाबाई पदर तोंडावर घेऊन उभ्या होत्या. रडतात की हसतात ते कळत नव्हतं. रोशनीनं इकडेतिकडे बघितलं, बाजूला ठेवलेली चॉकलेटांची पिशवी उचलली आणि पारड्यात उपडी केली. दांडी थरथरली. भाऊंच्या पारड्याखालून कागद सरकेल इतकी फट झाली आणि परत मिटली.

तेवढ्यात दारातून यमुताई आली. ठेला अर्धवट टाकून, गल्ल्याचा डबा काखेत मारून. "सकाळी दोन प्लेटा माह्याच ठेल्यावर खाल्ल्या यायनं," ती म्हणाली. "तेवढं वजन माह्याच अंगावर येते." आणि अख्खा गल्ला तिनं पारड्यात रिकामा केला.

गोविंदाभाऊ वर गेले. सावकाश नाही, एकदम. मांडी घातलेला एवढा मोठा माणूस हवेत उचलला गेलेला पाहून गोदामात जो गलका झाला, तो ऐकून रस्त्यावरचे ट्रकवाले आत डोकावले. भाऊंना आधी भीती वाटली, त्यांनी साखळी घट्ट धरली. मग त्यांना हसू आलं. पोट हलू लागलं, पोटाबरोबर पारडं, पारड्याबरोबर दांडी, आणि दुसऱ्या पारड्यातून चिल्लर धबाधबा खाली सांडू लागली. नाणी ट्रकांच्या चाकांखाली, पोत्यांच्या थप्पीमागे, नाल्याच्या जाळीकडे घरंगळत सुटली. शिफ्ट इन्चार्जपासून हमालापर्यंत सगळे चार पायांवर येऊन नाणी पकडू लागले. वर भाऊ झुलत होते आणि चष्म्याशिवाय जिथे तिथे बोट दाखवून सांगत होते, तो पाह्य, तिकडं चालला. चॉकलेटं मात्र कोणीच परत पारड्यात टाकली नाहीत.

चिल्लरची पोती घरी आली आणि पलंगाखाली गेली. दुसऱ्या दिवशी गोविंदाभाऊ नेहमीच्या वेळी उठले, शर्ट घातला आणि मग आठवलं की जायचं कुठेच नाही. ते अंगणात खुर्ची टाकून बसले. लांबून बसचा हॉर्न ऐकू आला. तो ओळखीचा होता, पण वाजवणारा हात वेगळा होता. प्रेमिलाबाईंनी चहा आणून ठेवला, तो निवला.

उजाडल्यावर यमुताई दारात हजर. गल्ला तर भाऊंवर ओतला, आता गिऱ्हाइकाला सुटे काय देऊ, असं तिचं म्हणणं. भाऊंनी पोतं ओढलं आणि तिच्या नोटांच्या बदल्यात ओंजळीनं चिल्लर दिली. तासाभरानं किराणावाला आला, मग सिटी बसचा कंडक्टर. फोननं पैसे देणारे कितीही वाढले तरी सुट्याची मारामार काही संपलेली नाही, आणि वाडीत एका घरी सुटे पोत्यानं पडले आहेत ही बातमी कानोकानी गेली. अंगणात दुसरी खुर्ची लागली, मग बाक आला.

दहाचे सिक्के मात्र कोणी घेईना. गोविंदाभाऊंनी यमुताईला शब्द दिला, की कोणी घेतला नाही तर माझ्याकडे आण, मी नोट देतो. तिनं भीतभीत घेतले. तेच त्यांनी किराणावाल्याला सांगितलं, कंडक्टरलाही. सिक्के बाहेर गेले. नोट मागायला कोणीच आलं नाही. गोविंदाभाऊंचा शब्द आहे म्हटल्यावर घेणारा घ्यायचा, आणि तोच शब्द सांगून पुढच्याला द्यायचा.

एका सकाळी भाऊंनी पोत्यात हात घातला तर बोटांना तळ लागला. ते घाबरले. पैशाची काळजी नव्हती, नोटा तर डब्यात होत्याच. चिल्लर संपली की माणसं यायची थांबतील, याची धाकधूक होती. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होऊन सकाळी त्यांनी मोपेड काढली. पानठेलेवाल्यांकडे, गिरणीवाल्याकडे, देवळाबाहेरच्या फुलवाल्यांकडे चिल्लर नको इतकी साचलेली असते. ती नोटा देऊन घ्यायची आणि जिथे नाही तिथे पोचवायची, असा नवा रूट त्यांनी आखला. कोणाकडून वर एक पैसा घेत नाहीत. चहा मात्र प्रत्येक थांब्यावर घेतात, आणि पोहे असले तर पोहे.

परवा रोशनी ड्यूटीवरून येताना नाक्यावर उतरली, तर मोपेडच्या दोन्ही हँडलला पिशव्या लटकवून भाऊ सिग्नलला उभे होते. तिनं विचारलं, कसं चाललंय? भाऊ म्हणाले की आता बोलायला वेळ नाही, कंडक्टर वाट बघून राहिला. सिग्नल हिरवा झाला आणि ते खणखणत निघून गेले.