हँडब्रेक ओढलेला होता

हे मी आजवर कुणालाच बोललेले नाही. मुलाला नाही, बहिणीला नाही. देवळात जाते तेव्हा देवालाही नाही — त्याला ठाऊक असणारच, मग विषय कशाला काढा? तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या गावात, आचऱ्यात राहत नाही.

आधी आमच्या ह्यांच्याविषयी सांगायला हवं. गाव त्यांना अण्णा म्हणतो. सगळी नोकरी लाल बसच्या स्टिअरिंगमागे गेली. घाटात, धुक्यात, गणपतीच्या गर्दीत — कुणाला साधा ओरखडा नाही. निवृत्त होताना विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला. आमच्याकडे पाहुणा आला की पाण्याआधी बिल्ला येतो. मग आम्ही स्वतःची गाडी घेतली, आणि ते मला शिकवू लागले. सड्यावर, मोकळ्या कातळावर नेऊन, अगदी शांतपणे. तक्रार एकच — "ब्रेक खंय आसा, ता विचार करून दाबू नको गो."

मी विचार करूनच दाबायची.

त्या दुपारी हे बाजारात मासे आणायला चालत गेले होते. माझ्या मनात आलं, गाडी घेऊन जावं आणि त्यांना बाजारातच गाठावं. खरं सांगू? ह्यांच्यासाठी नाही. वाटेत माझ्या जावेचं घर लागतं. तिनं नुकतीच स्कूटर घेतली होती, आणि मी शिकतेय ते नुसतं ऐकून होती. तिला मी चालवताना दिसावी — एवढंच.

सीट पुढे ओढली, कारण माझे पाय पोचत नाहीत. हँडब्रेक सोडला. हो — सोडला, म्हणजे तो ओढलेला होता. चांगला घट्ट. दोन हात लावावे लागले.

आमचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, उंचावर, आणि उतार संपतो तिथं शेजारच्या जयवंतभावजींचं गेट. चिऱ्याचे दोन खांब, नवेकोरे. मी खळ्यातून बाहेर पडले, उतारावर विचार करून ब्रेक दाबला — आणि तो ब्रेक नव्हता. डावा खांब आडवा झाला. दिवा फुटला, बंपर लोंबू लागला.

मला कुठंही लागलं नव्हतं. वाडी दुपारची झोपलेली. मी उतरले, दार लावलं आणि धावत वर खळ्यात आले. का आले? अजून सांगता येत नाही. झाडू हातात घेतला, ते मात्र मला पक्कं आठवतं.

भावजी डोळे चोळत बाहेर आले. "वैनी, ह्या काय झाला?"

"गाडी आपणच खाली गेली," मी म्हटलं.

त्यांनी गाडीकडे पाहिलं, चढाकडे पाहिलं. "म्हणजे अण्णांनी हँडब्रेक लावूक नाय."

बघा, खोटं मी रचलंसुद्धा नाही. ते मला आयतं मिळालं. मी म्हटलं, "आसात तसा."

हे बांगडे घेऊन आले. खांब पाहिला, गाडी पाहिली. पिशवी खाली ठेवली. मग माझ्याकडे वळले. "हँडब्रेक मी ओढललंय... ओढललंय मां गो?"

मी बांगडे साफ करायला घेतले होते. "माका काय म्हायत?" म्हटलं.

विम्याच्या एजंटानं फोनवर विचारलं, गाडी कोण चालवत होतं, त्याचं लायसन्स लागेल. तेव्हा मला आठवलं की माझ्या शिकाऊ लायसन्सची मुदत संपली आहे. खरं सांगितलं असतं तर क्लेम नामंजूर झाला असता. किती सोयीचं कारण, नाही? पण मी लायसन्स आठवण्याआधीच खोटं बोलले होते. झाडू आधी, लायसन्स नंतर.

विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघायला कुडाळहून आला. तरुण, सभ्य. मी शुद्ध मराठीत म्हणाले, "गाडीत कोणीच नव्हतं." त्यानं ह्यांना सीटवर बसायला सांगितलं. हे बसले, आणि गुडघे स्टिअरिंगला अडकले. ताडमाड माणूस, मुडपून बसलेला. सर्व्हेअरनं गुडघ्यांकडे पाहिलं, मग माझ्या उंचीकडे.

तेवढ्यात हेच म्हणाले, "धक्क्याने सीट सरकली असेल. चूक माझी आहे साहेब, तसं लिहा."

त्यानं लिहिलं.

क्लेम मिळाला, पण प्लास्टिकच्या भागांचे अर्धेच पैसे. पुढच्या हप्त्यावर क्लेम न केल्याची सूट असते, ज्याचा हे बिल्ल्याच्या खालोखाल अभिमान बाळगत — तीही गेली. खांब आमच्या खिशातून. नवा खांब उजव्याशी जुळेना, तेव्हा भावजी येता-जाता दोन्ही खांबांकडे बघत. मग ह्यांनी उजवाही पाडून नवा बांधून दिला.

इथवर पैशानं निभावलं. पुढचं नाही. हे चाकाखाली दगड लावू लागले. जेवता जेवता उठून हँडब्रेक बघून यायचे. रोज सकाळी भिजवलेले बदाम. बिल्ला कपाटात गेला. शेवटी डोकं तपासायला कुडाळला डॉक्टरकडे गेले. डॉक्टरनं तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. ह्यांनी तिन्ही सांगितले, वर मालवण ते देवगड सगळे थांबे ओळीनं म्हणून दाखवले. स्मरण उत्तम आहे, डॉक्टर म्हणाला. बाहेर येऊन हे मला म्हणाले, "डॉक्टर नवीन आसा. तेका काय कळणा नाय."

तेव्हा बोलायला हवं होतं. दवाखान्याबाहेर बाकावर आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "चहा घेवया?"

घरी येऊन त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, "आता तूच चालव. तुज्या हातात बरी." मी रीतसर पक्कं लायसन्स काढलं. गावात माझं कौतुक होतं — ह्या वयात शिकली, नवऱ्याला सांभाळून नेते-आणते. जाऊसुद्धा म्हणते. मी ऐकून घेते. आवडतंही.

गेल्या आठवड्यात मालवणच्या बाजारात गाडी लावताना मागचा बंपर विजेच्या खांबाला लागला. हे शेजारी बसून सुरमईचा भाव सांगत होते. उतरले, मागं जाऊन पोचा पाहून आले, पुन्हा शेजारी बसले.

"तुजी चूक नाय गो," म्हणाले. "मीच मगासपासना बडबडतंय, तुजा ध्यान गेला."

आणि मी म्हटलं, "मग आता तरी गप रवा."

ते गप्प राहिले. घर येईपर्यंत.