मुद्दा उठताना सांगतात

आमच्या घरी बोलण्याचा एकच नियम होता: मुद्द्यावर ये. वडील कोर्टात कारकून होते. दिवसभर वकिलांचं ऐकून ते घरी येत, त्यामुळे कुणी ‘म्हणजे काय झालं ना’ असं सुरू केलं की चहाचा कप खाली ठेवून म्हणत, “शेवटचं वाक्य आधी सांग.” शाळेत मार बसला तरी मी घरी येऊन आधी ‘दोन छड्या’ म्हणायचे आणि मग कारण. एक घाव दोन तुकडे. अशा घरातली मुलगी मास्तरीण झाली आणि तिची पहिली नेमणूक झाली ती वैनगंगेच्या काठापासून बरंच आत, तलावाच्या एका गावात, जिथे शेवटचं वाक्य आधी सांगणं हा उर्मटपणा समजतात.

हे मला कळलं ते सापामुळे.

रुजू होऊन चार दिवस झाले होते. संध्याकाळी माझी घरमालकीण आली आणि पडवीत बसली. मी पाणी दिलं. तुमच्याकडे वरणात काय घालतात, असं तिने विचारलं. मग तिच्या मोठ्या मुलीच्या सासरचं झालं, यंदाच्या धानाचं झालं, मार्कंड्याच्या जत्रेत मागच्या खेपेला किती धूळ होती तेही झालं. मी दोनदा विचारलं, काही काम होतं का? “नाई बाप्पा, काम कायचं? अशीच आली.” अर्ध्या तासाने ती उठली, चपला पायांत सरकवल्या, दोन पावलं गेली आणि मागे वळून म्हणाली, “बाकी, बाई, तुमच्या न्हाणीत साप हाये. दुपारपासून हाये.”

मी खाटेवर चढून ओरडले, “हे आधी नाही का सांगायचं?” तिला खरंच वाईट वाटलं. आल्या आल्या कुणी सापाची गोष्ट काढतं का? माणूस घाबरतो. आधी बसायचं, पाणी प्यायचं, समोरच्याचा जीव थाऱ्यावर आहे ना ते बघायचं, आणि मग निघता निघता हळूच सांगायचं. साप साधी बिनविषारी दिवड निघाला. तिने त्याला काठीने वाट दाखवली आणि जाताना पुन्हा दहा मिनिटं बसली.

अशा गावात माझ्या वाट्याला चौथीचा वर्ग आला, अकरा पोरांचा. वाचायला ती चांगली होती. जोडाक्षरांना अडखळत नसत, कविता तर छप्पर हलेल अशा म्हणत. घोडं अडत होतं एकाच प्रश्नावर: उतारा वाचा आणि मुख्य कल्पना सांगा. त्यातही सगळ्यांत वाईट गुण खिडकीजवळच्या एका मुलीला पडत. दोन वेण्या, त्यांतल्या एकीची रिबीन कायम सुटलेली. वडील तलावात मासे धरत, थोडं धान करत, मिळेल ती मजुरी करत. ती सगळ्यांत छान वाचायची आणि सगळ्यांत चुकीचं लिहायची.

पहिला उतारा झाडाचा होता. एका शेतकऱ्याने वाटेच्या कडेला आंब्याचं रोप लावलं, रोज पाणी घातलं, झाड मोठं झालं, पाखरं आली, वाटसरू सावलीत बसू लागले. झाड लावलं की सगळ्यांना फायदा होतो, एवढं लिहिलं की झालं. तिने लिहिलं होतं: ‘त्या मानसाच्या घरी बोलाले कोनी नाई.’

“हे कुठे दिलंय उताऱ्यात?” मी विचारलं.

“देल्लं नाई बाई. पन मंग झाड रस्त्यावर काऊन लावलं? वावरात काऊन नाई लावलं?”

मी तिला वही नीट ठेवायला सांगितलं.

दुसरा उतारा वाघाचा. वाघाच्या अंगावर पट्टे असतात, पंजे मऊ असतात, चालताना आवाज होत नाही, तो पहाटे आणि तिन्हीसांजेला शिकार करतो. अख्ख्या वर्गाने एका सुरात मुख्य कल्पना सांगितली: आज सरपणाले जाऊ नका. याबद्दल मी पोरांना बोल लावणार नाही. या गावात वाघाविषयी कुणी एवढं तपशिलाने बोलू लागलं तर त्याचा अर्थ तोच असतो.

पण तिमाही परीक्षेचा पेपर वाघ पाहिलेल्या माणसाने काढलेला नव्हता. अकराच्या अकरा पोरं त्या प्रश्नात आपटली आणि माझा पारा चढला. मी टेबलावर डस्टर आपटून म्हटलं, “जे लिहिलंय ते वाचा! जे लिहिलं नाही ते कशाला शोधता?” तेव्हा खिडकीजवळची ती उठली आणि मलाच समजावून सांगितलं, अगदी शांतपणे.

“बाई, मानूस मनातलं पयले सांगत नाई. मुद्दा उठताना सांगते. आन उतारा तं उठाच्या आधीच सरते. मंग आमाले हुडकाव लागते.”

मला हसू आलं आणि रागही आला. पोरांचं चुकत नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या माणसांत ती वाढली होती. कुणाचं भांडं कुठे लपलंय हे त्यांना दुरून दिसायचं. उघड्यावर ठेवलेलं भांडं मात्र दिसत नसे.

मी म्हटलं, “पुस्तकातला माणूस आपल्या गावचा नाही. तो बसल्या बसल्याच सगळं सांगून टाकतो.”

“गरीब बिचारा,” ती म्हणाली. “त्याले पानी नाई देत काय कोनी?”

शेवटी मदतीला आलं तिच्या वडिलांचं जाळं. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, ते फेकजाळं टाकताना मी पाहिलं होतं. जाळं पाण्यात हे एवढं पसरतं, पण दोरी एकच असते. ती ओढली की सगळं गोळा होऊन हातात येतं. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, उताऱ्यालाही दोरी असते. एक वाक्य धरून बघा, बाकीची त्याच्या मागे येतात का. येत नसतील तर ती दोरी नव्हे. हे पोरांना एकदम पटलं. मग एकेक वाक्य उचलून ‘हे येते काय दोरीवर?’ अशी ओढाओढ सुरू झाली. हळूहळू उत्तरं जुळायला लागली आणि मी घरी फोन करून वडिलांना सांगितलं, आधी शेवटचं वाक्य: जमलं.

त्याच सुमाराला, धानाची मळणी उरकल्यावर, तिचे वडील माझ्या खोलीवर आले. पळसाच्या पानात झिंगे, म्हणजे तलावातली बारीक कोळंबी, आणले होते. एव्हाना मी शहाणी झाले होते. पाणी दिलं आणि काम विचारलं नाही.

“तलावाचं पानी यंदा लवकर उतरलं,” ते म्हणाले. “आमी मिरची तोडाले जाऊन राह्यलो. सिरोंच्याच्या पल्याड, तेलंगणात. पोट्टीची माय आन मी. आधी म्हातारी व्हती घरी. आता कुलूपच लागते.” मग झिंगे कसे करायचे ते त्यांनी सांगितलं. मी त्यांच्या उठण्याची वाट पाहत होते. ते उठले, चपला घातल्या, दोन पावलं गेले, मागे वळले. मी कान टवकारले.

“बाकी, बाई…” ते म्हणाले. “काही नाई. येतो.”

चार दिवसांनी पुन्हा आले. मागच्या साली पोरगी सोबत होती, मिरच्या तोडून तिच्या बोटांची आग आग झाली, परत आल्यावर दहा दिवस पेन धरता येत नव्हता, असं सांगितलं. पोरगी हल्ली झोपेत पाढे म्हणते, असंही सांगितलं आणि हसले. उठले, वळले. “बाकी काही नाई.”

इथे मी माझी अक्कल पाजळली. म्हटलं, हा माणूस पोरीला पुन्हा घेऊन जाणार आणि सुट्टी मागायला लाजतोय. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मिरचीचा हंगाम तीन महिन्यांचा, म्हणजे पुढचं सगळं वर्ष गेल्यात जमा. पण पोट कुणाला चुकलंय? तिसऱ्यांदा ते आले तेव्हा मीच सुट्टीचा अर्ज लिहून तयार ठेवला होता. बसल्या बसल्याच त्यांच्या हातात दिला. एक घाव दोन तुकडे. त्यांनी तो पाहिला, चार घड्या घालून खिशात ठेवला. त्या दिवशी उठताना ते ‘बाकी’सुद्धा म्हणाले नाहीत.

ते न म्हटलेलं ‘बाकी’ मला बोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी उताऱ्याचा तास होता आणि माझ्या डोक्यात दुसरं काही येईना, तेव्हा मी तेच फळ्यावर लिहिलं. अर्थात ओळखू येऊ नये अशी पक्की व्यवस्था करून. मिरचीचा कापूस केला, तलावाची विहीर केली, झिंग्यांचं शेळीचं दूध केलं.

‘एका माणसाला कापूस वेचायला दूर जायचे आहे. त्याच्या विहिरीचे पाणी आटले आहे. आधी घरी म्हातारी होती, आता कुलूप लागते. गेल्या वर्षी मुलगी सोबत गेली तेव्हा तिची बोटे सोलली. मुलगी झोपेत पाढे म्हणते. तो माणूस शेळीचे दूध घेऊन तीनदा शेजारणीकडे गेला आणि काही न मागता परत आला.’

खडू खाली ठेवायच्या आतच मागून आवाज आला, “बाई, हे तं इचे बाबा होय!”

सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी घाईने डस्टर उचललं.

“पुसू नका बाई,” ती म्हणाली. “वाचू द्या.”

तिने सगळं मोठ्याने वाचलं, सावकाश, एकदाही न अडखळता. कुणीतरी म्हणालं, मुख्य कल्पना कापूस. तिने मान हलवली. “कापूस धरला तं पाढे नाई येत मागं.” कुणी म्हणालं, विहीर. “मंग दूध काऊन नेलं?” मग तीच म्हणाली, “त्याले पोरीले न्याचं नाई. कोनीतरी ‘ठेवून जा’ म्हनाव म्हून तो येते. आन उठतानाही बोलला नाई, म्हंजे त्याले मांगता येत नाई.”

एवढं बोलून ती खाली बसली आणि सुटलेली रिबीन बांधू लागली. गाठ बराच वेळ नीट बसेना.

मी फळ्यावरचा उतारा पुन्हा वाचला. सगळी वाक्यं तिच्या दोरीवर आली होती, एकही बाहेर राहिलं नव्हतं. मुख्य कल्पना शिकवणारी बाई मी. आणि तो माणूस तीन वेळा माझ्या दारात आला तेव्हा मी त्याच्या हातात अर्ज दिला होता. मला स्वतःची लाज वाटली.

शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. वडील अंगणात जाळं विणत बसले होते, आई चुलीपाशी होती. मी बसले, पाणी प्याले. माझ्याकडून झिंगे कसे चिवट झाले ते सांगितलं. घरमालकिणीच्या सापाचं सांगितलं. आमच्या घरी वडील चहाचा कप कसा खाली ठेवतात तेही सांगितलं.

“काही काम व्हतं काय बाई?” त्यांनी विचारलं.

“नाही भाऊ. अशीच आले.”

मग मी उठले, चपला घातल्या. नोकरीच्या मुलाखतीलासुद्धा मी इतकी घाबरले नव्हते. दोन पावलं गेले आणि मागे वळले.

“बाकी, भाऊ, माझ्याकडे एक खाट रिकामीच पडून असते. आणि एकटीला स्वयंपाक करायचा कंटाळा येतो.”

त्यांच्या हातातली सुई थांबली. चुलीपाशी भांड्यांचा आवाजही थांबला. त्यांनी एक गाठ मारली, ओढून पाहिली, मग दुसरी मारली.

“तिले भात लय लागते बाई,” ते म्हणाले.

“लागू द्या,” मी म्हटलं.

आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मजुरांचा टेम्पो गेला. तिच्या आईने जाताना तिच्या वेण्या इतक्या घट्ट घातल्या की रिबीन दोन दिवस सुटली नाही. माझा अर्ज वडिलांनी परत आणून दिला, तशाच चार घड्यांत. वर झिंगेही दिले. ती माझ्याकडे राहायला आली आणि तिच्या बापाने सांगितलेली गोष्ट खरी निघाली. भात लयच लागायचा. झोपेतल्या पाढ्यांचंही खरं निघालं, फक्त सातावर ती दर वेळी चुकायची.

उताऱ्याच्या प्रश्नात आता तिला पैकीच्या पैकी गुण पडतात. उत्तराखाली ती अजूनही एक जादा ओळ लिहिते, लिहिणाऱ्याच्या मनात काय असेल त्याची. तिला मी गुण देत नाही, पण वही हातात आली की आधी तीच ओळ वाचते.

रविवारी सांजेला तिच्या वडिलांचा फोन यायचा. तिच्याशी बोलून झालं की ते माझ्याशी बोलत. एका रविवारी मी फोन दोघींना ऐकू येईल असा ठेवला, कारण तिचे हात झिंगे सोलण्यात गुंतले होते.

“इथलं पानी मचूळ लागते,” ते म्हणाले. “मिरची बरी हाये. एक कुत्रं रोज जेवताना येऊन बसते, मी त्याले भात टाकतो. त्याले भात लय लागते. इथी एक शाळा हाये, सकाळी पोट्टे पाढे म्हनतेत, आयकू येते. तिची रिबीन बांधता काय बाई? बाकी काही नाई. ठेवतो.”

फोन बंद झाला. सवयच जडलेली, मी विचारलं, “काय गं, मुख्य कल्पना काय?”

“आठवन येऊन राह्यली म्हन्ते,” ती झिंग्यांवरची नजर न काढता म्हणाली.

“असं कुठे म्हणाले ते?”

तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. काही पोरांना कितीही समजावलं तरी कळत नाही, तेव्हा मी जशी पाहते ना, अगदी तशी.

“मंग दुसरं काय म्हनलं त्यानं, बाई?”