मालिनीवहिनींचा डोंगर

मालिनीवहिनी चित्र काढताना कधी बसत नसत. एक फटकारा मारला की मागे सरकत दारापर्यंत जात, डोळे बारीक करून पाहत आणि पुन्हा धावत पुढे येत. त्या धावपळीत कुंचला हमखास साडीला लागे.

गोव्यात डिचोलीजवळच्या गावात मी चित्रकलेचा शिक्षक होतो आणि त्यांच्याच घरी भाड्याने राहत होतो. वहिनी विधवा, पन्नाशीला आलेल्या. घरात सासऱ्यांनी हौसेने करवून घेतलेलं एक तैलचित्र होतं: घरामागचा डोंगर, त्यातून उतरणारी पाण्याची झर, खाली पोफळी-माडांचं कुळागर. घराच्या वाटण्या झाल्या आणि ते पणजीला राहणाऱ्या थोरल्या दिरांच्या वाट्याला गेलं. त्याच संध्याकाळी वहिनी माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"मास्तर, चवथ जाली की भावजी चित्र व्हरतले. ताचे पयलीं म्हाका तशेंच एक करूंक शिकयात." गणपती झाले की दीर चित्र नेणार होते; त्याआधी वहिनींना तसंच एक स्वतः काढायचं होतं.

उजेडासाठी चित्र मागच्या सोप्यावर, ओसरीत आणलं. चौकटी आखून नक्कल कशी करायची ते मी दाखवलं. आधी आकाश, मग लांबचं, मग जवळचं, आणि प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबायचं. हे थांबणंच त्यांना जमेना. ओल्यावर ओलं चढवत, सगळा चिखल होई, मग टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसून पुन्हा सुरुवात. तेव्हा मराठी की कोंकणी हा वाद घरोघर पेटला होता. धाकटे दीर आणि शेजारी सोप्यावर तावातावाने भांडत. वहिनी कॅनव्हासमागून ओरडत, "भायर वचून झगडात! म्हजो उजवाड वता!"

डोंगराचा उतार काही केल्या साधत नव्हता. एका सकाळी कुंचला टाकून त्या तडक मागच्या पायवाटेने चढू लागल्या. मीही मागोमाग गेलो. माथ्यावर पोचलो. पलीकडे खाण आहे हे गावाला ठाऊक होतं. ती इतकी जवळ आली आहे हे नव्हतं. डोंगराची पाठ सोलून काढल्यासारखी तांबडी दिसत होती. घरातून दिसणारी हिरवी बाजू तेवढी उरली होती.

"आनी आमी चित्र वांटून घेतात!" वहिनी म्हणाल्या आणि खाली वळल्या.

चवथीनंतर थोरले दीर चित्र न्यायला आले. वहिनींचं चित्र तयार होतं. त्यात माथ्यापासून निघालेली एक तांबडी चीर होती.

"हें बापायच्या चित्रांत ना," चिरेवर बोट ठेवत दीर म्हणाले.

"बापायच्या वेळार दोंगराकूय नाशिल्लें."

पुढे गोवा राज्य झालं, माझी बदली पेडण्याला झाली. वहिनी मात्र दरवर्षी पावसाळा सरला की सोप्यावरून तोच डोंगर रंगवत राहिल्या. दर भेटीत तो कॅनव्हासवर ठेंगणा झालेला असे आणि त्या जास्तच अस्वस्थ. बोलता बोलता उठून अंगणात फेऱ्या घालत.

शेवटचा गेलो तेव्हा त्या आजारी होत्या, तरी नवीन चित्र दाखवायला स्वतः उठल्या. त्यात डोंगर नव्हता. त्याच्या जागी दूरवर, फिकट निळी, एकामागे एक डोंगरांची रांग होती.

"हे कुठले?"

"सह्याद्रीचे. आमचो दोंगर आड आशिल्लो, केन्नाच दिसूंक नाशिल्ले."

मी सोप्यावरून बाहेर पाहिलं, आड येणारा डोंगर खाणीने पुरता संपवला होता आणि ती निळी रांग खरंच समोर होती; मग पुन्हा चित्राकडे वळलो. इतकं मोकळं, इतकं शांत काम त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. मी तसं म्हणालो.

"चित्र बरें जालां, तें म्हाका कळटा," भिंतीला धरून उभ्या राहत त्या म्हणाल्या. "ताचोच म्हाका राग येता, मास्तर."